फणसाचं गाऱ्हाणं

आमच्या हद्दीवरच्या फणसाला धड चव नाही. जात बरका, म्हणजे गिळगिळीत गऱ्यांचा, आणि त्यातून पाणचट. तरी त्याच्यावरून माझं आणि माझ्या धाकट्या चुलतभावाचं बोलणं बंद होतं, कारण गोड फणसावरून कोणीही भांडेल. तो म्हणायचा बुंधा त्याच्या बाजूला आहे, मी म्हणायचो फांद्या माझ्या बाजूला आहेत. शेवटी मी बुंध्याला वळसा घालून काटेरी तार ओढली.

त्या आश्विनात तो आपल्या बाजूचं गवत ग्रासकटरने कापत होता. कटर तारेजवळ येतोय हे पाहून मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. आमचं बोलणं बंद होतं, ओरडणं चालू होतं. "माज्या तारेक हात लावलंस तर..." एवढं म्हणालो, आणि पात्याने तारेचा तुकडा तोडून नेमका माझ्या गळ्यात आणून बसवला. तार माझी, गळाही माझा. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध?

रक्ताची चिळकांडी उडाली. भावाने कटर फेकला, तारेवरून उडी मारली आणि तुकड्याच्या शेजारी अंगठा दाबून धरला. इतकी वर्षं तो माझा गळा दाबायच्या गोष्टी करत होता. त्या दिवशी त्याने खरंच दाबला, म्हणून आज हे लिहितो आहे.

तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गळ्याची मोठी धमनी फाटलेली दिसते. गोव्याला न्या. तार कोणी काढायची नाही, अंगठा आहे तिथून हलवायचा नाही, आणि पेशंटने एक शब्द बोलायचा नाही."

"एक शब्द नाय? हेंका?" माझी बायको म्हणाली. तिला हाच भाग सगळ्यात अवघड वाटला.

आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावच्या जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान माझा, कारण माझा आवाज देवळातून चहाच्या टपरीपर्यंत पोचतो. पण गोव्याच्या वाटेवर अॅम्ब्युलन्स आमच्या गावची सीमा ओलांडायला लागली तेव्हा भावानेच सुरुवात केली. एक अंगठा माझ्या गळ्यावर, दुसरा हात छातीशी.

"बा देवा म्हाराजा! ह्यो माजो भाव, जसो आसा तसो आसा..."

"व्हय म्हाराजा," बायको म्हणाली.

"तोंडाळ आसा, हट्टी आसा..."

"व्हय म्हाराजा!" हे ती जरा जास्तच जोरात म्हणाली.

"पण तेका सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा मात्र मी. जन्माची सवय, जाणार कुठे? अंगठ्याखालून पुन्हा रक्त उसळलं आणि सोबतचा डॉक्टर ओरडला, "गाऱ्हाणं बंद!" पुढचा सगळा रस्ता देवाला कोणी काही सांगितलं नाही.

ऑपरेशनचं मला नंतर कळलं. गळ्याच्या बाजूने लांब चीर देऊन त्यांनी धमनी वरून आणि खालून चिमट्यांनी बंद केली, मग तार काढली, आणि फाटलेल्या जागी माझ्याच पायातल्या शिरेचं ठिगळ शिवलं. सर्जन हे बायकोला समजावत होते. ती म्हणाली, "बरा झाला. अक्कल गुडघ्यात होती, आता वर तरी इली." ती असं बोलते तेव्हा फार घाबरलेली असते.

मी शुद्धीवर आल्यावर सर्जन म्हणाले, हसा. हसलो. हात उचला. उचलला. जीभ बाहेर काढा. भाऊ समोरच उभा होता, त्यामुळे ती मी मनापासून काढली. मग ते म्हणाले, "आता बोला."

तोंड उघडलं, पण नुसती हवा आली.

"आवाजाची नस धमनीला लागूनच जाते, ती दुखावली आहे," ते म्हणाले. "आवाज येईलसं वाटतं. पण खात्री देत नाही."

चिळकांडी उडाली तेव्हा घाबरलो नव्हतो इतका तेव्हा घाबरलो. मुका होऊन जगायचं म्हणजे कसं, हे मला कळेना. जत्रा तोंडावर आली होती. दिवसामागून दिवस गेले, रोज सकाळी प्रयत्न करायचो, हवाच यायची. मी हातवारे करायचो आणि बायको त्यांचा तिला हवा तो अर्थ लावायची. भाऊ मान खाली घालून खिडकीशी बसायचा.

एका सकाळी तो नारळ घेऊन आला आणि वॉर्डच्या मधोमध उभा राहिला. अर्धा वॉर्ड आमच्याच बाजूचा, वेंगुर्ले-सावंतवाडीचा. गाऱ्हाणं म्हटल्यावर ज्याला उठता येत होतं तो उठून बसला.

"बा देवा म्हाराजा! माज्या भावाचो आवाज परत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डॉक्टरांच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हद्दीवरचो फणस माजो आसा, ह्या माज्या भावान आज मान्य केल्यान आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा वॉर्ड गरजला.

"नाय म्हाराजा!"

कोण ओरडलं म्हणून सगळे वळून बघायला लागले. आवाज फुटक्या पिपाणीसारखा होता. तो माझा आहे हे मलाही जरा उशिराच कळलं.

भावाच्या हातातला नारळ सुटून खाटेखाली गेला. तो माझ्या पायाशी बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. "बोललो गे वैनी! माजो भाव बोललो!" बायको पदरात तोंड घालून रडत होती. मलाही आवरत नव्हतं.

जरा वेळाने त्याने डोळे पुसले. "फणस सोडूचो नाय मां?"

"नाय," मी म्हणालो.

"नको सोडू," तो म्हणाला. "असोच भांडत रव."