सिद्धार्थच्या फाइलीतली माझी कंबर

मी पायदळातला रिटायर्ड हवालदार. गाव केळझरजवळ. बावीस वर्षं नोकरी करून घरी येताना एक काळी पेटी, एक बिस्तरबंद आणि कंबरेतल्या दोन सरकलेल्या चकत्या घेऊन आलो. पेटी आणि बिस्तरबंद फौजेने दिलं हे फौजेला मान्य होतं. वाद चकत्यांचा होता.

रिलीज मेडिकल बोर्डाने लिहिलं होतं की दुखण्याची सुरुवात सुट्टीत, घरी झाली, सैन्यसेवेशी संबंध नाही. त्यामुळे अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर झाला. पहिलं अपीलही फेटाळलं गेलं. दुसऱ्या अपिलाला सहा महिन्यांची मुदत होती आणि नवा पुरावा हवा होता.

गंमत म्हणजे ते 'घरी' मीच सांगितलं होतं. बोर्डाच्या डॉक्टरांनी विचारलं, "पहले दर्द कब हुआ?" मी सावधानमध्ये उभा राहून सांगितलं, "सर, छुट्टी पे. घर में गट्ठा उठाते वक्त." पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा उचलताना माझी कंबर धरली होती, हे खरंच आहे. फक्त त्याच्या तीन आठवडे आधीचं मी गिळलं.

वर्ध्याला देवतळे साहेब आहेत. युनिटमधून सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आता माजी सैनिकांची कागदपत्रं पाहून देतात. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "तीन आठवडे आधी सिक रिपोर्ट केला होता?"

"नाई साहेब."

"काऊन?"

"आमच्या कंपनीत कंबरदुखीले कामचोराचा ताप म्हणत."

ते हसले नाहीत. त्यांनी असे शंभर पाहिले असावेत. म्हणाले, "ज्याचा कागद नाई, ते दुखणं नाई. पण त्या दिवशी कोनाचा तरी कागद झाला असन ना?"

झाला होता. तो माझा नव्हता, म्हणून इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. त्यात काय लिहिलं असेल, या प्रश्नाने मला मग घरी बसू दिलं नाही.

तो दिवस असा होता. पोस्ट उत्तरेत, बर्फात. सकाळी 0540 ला आम्ही सहा जण लिंक पेट्रोलला, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतच्या गस्तीला, निघालो. माझ्यापुढे नायक सिद्धार्थ. तो गिरडकडचा. कंपनीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून आमच्या भांडणात तिसऱ्याला तोंड घालता येत नसे. 1120 ला त्याच्या पायाखालची कड सुटली. तो खाली खडकावर पडला. आम्ही दोराने त्याला वर घेतलं, तेव्हा तो शुद्धीवर होता.

मी रेडिओवर पोस्टला हाक दिली. "टायगर, पेट्रोल बोल रहा हूँ. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"पेट्रोल, मौसम बंद है. हेलिकॉप्टर नहीं आएगा. नीचे लाओ. ओव्हर."

"रॉजर. आउट."

वाट एका माणसाची. वळणावर स्ट्रेचर फिरत नव्हतं. मी सिद्धार्थला दोराने पाठीवर बांधून घेतलं. मीच का, तर मी अंगाने थोराड होतो आणि तो माझा माणूस होता. बाकीचे बर्फात पायऱ्या खोदत पुढे चालले. अर्ध्या वाटेपर्यंत तो बोलत होता. मग गप्प झाला. 1510 ला आम्ही खाली पोचलो. डॉक्टरसाहेबांनी नाडी पाहिली आणि टोपी काढली.

संध्याकाळी मला सरळ होता येईना. नर्सिंग असिस्टंटने दोन गोळ्या दिल्या. मी म्हणालो, "रजिस्टर में मत लिखना." ज्या दिवशी माणूस गेला, त्या दिवशी आपली कंबर कुठे सांगत बसणार?

त्याला घेऊन मी त्याच्या गावी आलो. त्याची बायको माया वहिनी. त्यांना मी सांगितलं, की शेवटपर्यंत तो तुमचंच नाव घेत होता. मग माझ्या गावी सुट्टीवर गेलो, आणि पऱ्हाट्यांचा भारा उचलला.

आता इतक्या वर्षांनी मी त्याच दारात एसटीने पोचलो. माया वहिनींनी चहा ठेवला आणि काम ऐकून कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात सिद्धार्थच्या मृत्यूच्या चौकशीची, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, प्रत होती. मला कागद वाचायची खोडच आहे, मी तिथेच वाचायला बसलो. चौथ्या पानावर डॉक्टरांचा जबाब होता. शेवटची ओळ अशी, की ज्या जवानाने जखमीला पाठीवर आणलं, त्याला पोचल्यावर ताठ उभं राहता येत नव्हतं.

माझी कंबर सापडली. आणि तिच्याच वरच्या ओळीत लिहिलं होतं, की मृत्यू पोस्टवर पोचण्याआधी सुमारे दोन तास झाला असावा.

मी पान उलटं ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. पोरीनं मले कधीचंच वाचून दाखवलं."

"वहिनी, मी तुमाले खोटं सांगितलं."

"मले तवाच समजलं होतं. घरी कधी त्यायनं मले नावानं हाक मारली नाई, थे बर्फात माहं नाव घेतीन?" त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "एक सांगा. दोन घंटे तुम्ही त्यायले खाली काऊन नाई ठेवलं?"

"ठेवलं असतं, तं पुन्हा उचलता आलं नसतं."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग विचारलं, "खरं काय बोलले होते?"

मी सांगितलं. "मले उतरव बे. तुई कंबर जाइन."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "हे त्यायचंच बोलनं हाय," म्हणाल्या.

देवतळे साहेबांनी ते पान लावून दुसरं अपील पाठवलं. दुखणं पहिल्यांदा कुठे सुरू झालं, या प्रश्नापुढे मी या वेळी वेळ लिहिली, पोस्ट लिहिली, सिद्धार्थचं नाव लिहिलं. सात महिन्यांनी पत्र आलं. दुखणं सेवेमुळेच, असं त्यात होतं. मी ते तीनदा वाचलं आणि गिरडची एसटी धरली.

वहिनींनी पत्राची झेरॉक्स मागून घेतली आणि त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, चौथ्या पानाच्या मागे ठेवली.

"त्यायच्या कागदात असू द्या," त्या म्हणाल्या. "त्यायले तुमच्या कंबरेची लय फिकर होती."