पुसलेला बोर्ड

मार्करचा उग्र वास आला की मला परळच्या त्या मोठ्या कंपनीतल्या इंटर्नशिपचा दुसरा आठवडा आठवतो. फळा पुसल्याशिवाय वर्ग सोडायचा नाही, ही आमच्या नायगावच्या म्युनिसिपल शाळेची शिस्त. त्याच सवयीने मी मीटिंगनंतर अख्खा बोर्ड पुसून लख्ख केला. त्यावर आमच्या टीमच्या मॅडमनी तीन दिवस खपून मांडलेला प्लॅन होता आणि अर्ध्या तासात क्लायंट येणार होते. मॅडमनी सफाईच्या काकांनाच धरलं. "पुसलात कशाला? उद्यापासून येऊ नका." "मॅडम, आईशप्पथ, मी हात पण नाय लावला." मी वही छातीशी धरली. बोलले तर सर्टिफिकेट जाणार आणि त्याशिवाय डिग्री अडणार; आमच्या घरातली ती पहिलीच डिग्री. काकांचे हात जोडलेले बघून शेवटी तोंड उघडलं, "मॅडम, मी पुसला. पण आधी वहीत उतरवून घेतलाय." मॅडमनी मार्कर पुढे केला. "काढ परत. पटकन." वही उघडून मी एकेक चौकोन, एकेक बाण काढला. क्लायंट आले तेव्हा शाई ओली होती. काकांचं काम राहिलं. बाहेर ते एवढंच म्हणाले, "गो बाय, आधी बोलाक काय झालेला तुका?" डिग्री मिळाली, नोकरीही लागली, पण काकांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.