पुलाच्या मधोमध सुरू झालेली पावलं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आजवर तोंडावर हसत आलोय. हायस्कूलवर गणित शिकवतो, त्यामुळे तर जास्तच जोर चढायचा. यंदाच्या मे महिन्यात जे बघितलं ते लिहितोय... आता तुम्ही हसा.

मैंदर्गीपासून चार किलोमीटरवर आमचं शेत, शेतातच घर. घर आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा. उन्हाळ्यात थेंब नसतो, पण दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दीड दिवस उतरला नव्हता आणि नेमक्या तेव्हाच माझ्या बायकोला, सुवर्णाला, कळा लागल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. आमचं पहिलं बाळ गेलं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा दिवस राहिले तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी पुढच्या पावसाच्या आत आपला स्वतःचा पूल बांधायचा.

ओढा एकाच जागी अरुंद आहे. तिथली वाट वडील दरवर्षी बाभळीच्या फांद्या टाकून बंद करायचे, आणि आम्ही लांबून वळसा घालून उतरायचो. गुरं जाऊ नयेत म्हणून टाकत असतील, असं मी धरून चाललो. वडील आता नाहीत. मी फांद्या जाळल्या आणि तिथंच पूल घातला. आई एवढंच म्हणाली, "ह्यांनाबी कारण ठावं न्हवतं. मामंजींनी सांगितलेलं, हितनं वाट द्यायची न्हाय." मी म्हटलं, बरं. झालं तेवढंच बोलणं.

स्लॅबवर एकवीस दिवस पाणी मारलं, मग तो कोरडा होऊ दिला. गवंडी सिद्रामप्पा कठडा बांधायला आले, त्या दिवशी भर दुपारी पुलावर ओली पावलं दिसली. अनवाणी, मोठ्या माणसाची. रस्त्याच्या बाजूला एकही नाही — पुलाच्या मधोमध सुरू होऊन तीन पावलं घराकडे!

कुणीतरी चेष्टा केली असेल, मी म्हटलं. सिद्रामप्पांनी बादलीत पाय बुडवले आणि त्या पावलांशेजारून चालले. सोलापूरकडचं मे महिन्यातलं ऊन... त्यांची पावलं आमच्या डोळ्यांदेखत उडून गेली.

"सर, माजं वाळलं," ते हळूच म्हणाले. "ह्ये का वाळंना?"

दुसऱ्या दिवशी सहा पावलं होती. तिसऱ्या दिवशी ती पूल उतरून मातीच्या वाटेवर आली होती. मी राख टाकली, राख भिजली. कोरडी माती ओढली, तीही भिजली. सुवर्णाला काही सांगितलं नाही. तिला नववा लागला होता. रात्री मी तिच्या पोटावर हात ठेवून जागा राहायचो. गणितबिणित सगळं विसरलो होतो, नुसती भीती वाटायची.

आठव्या दिवशी पावलं अंगणात आली. सुवर्णा उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती, पावलं तिच्यापासून दोन हातांवर थांबलेली. तिचं लक्ष नव्हतं. मी तिला तशीच उठवली, आईला बरोबर घेतलं आणि गाडी काढली. तिचं माहेर दुधनीला. ओढ्यातल्या दगडधोंड्यांतनं तिला हादरे नकोत म्हणून गाडी पुलावरूनच घातली. दुसरं काही सुचलंच नाही.

तिला पोचवून परत आलो आणि दुसऱ्या सकाळी जेसीबी लावून पूल पाडला. ज्यांनी बांधला ते सिद्रामप्पा बाजूला उभे होते. स्लॅब खाली बसला तसं ते म्हणाले, "पाडला खरं, सर. पन त्ये आता कंच्या बाजूला हाय, बगितलं का?"

मुलगी झाली. सुखरूप आहे, बाळंतीण पण बरी आहे. सुवर्णा रोज फोनवर विचारते, घरी कधी नेताय? मी म्हणतो, नेतो की, पाऊस ओसरू दे.

सुवर्णाला गाडीत घालून नेलं त्या दिवसापासून शेतात एकही पाऊल उमटलेलं नाही. रोज बघतो. अंगण, वाट, उंबरा... पावसानं उघडीप दिली की सगळं कोरडं. दुधनीच्या अंगणात काही दिसतं का, हे विचारायची मात्र माझी छाती होत नाही.