उदंड आयुष्याची हो

काल वाढदिवसाला मी भाचीला, सईला, औक्षण केलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. ती पाया पडली तेव्हा सवयीने म्हटलं, "उदंड आयुष्याची हो."

"आत्या, एवढं नको गं," ती म्हणाली. चिडून नाही की रडवेली होऊनही नाही. पानात दुसरी पोळी पडताना आपण नको म्हणतो ना, तसं.

शेजारी खुर्चीत आई बसली होती, शहाऐंशीची, दोन्ही गुडघे गेलेली. तिला पुढच्या उन्हाळ्यातल्या लोणच्याची आतापासून काळजी. आणि ही तेविशीतली पोर, जेवायच्या आधीच पोट भरल्यासारखी.

या मुलांना आम्ही काय द्यायचं विसरलो, हे विचारायचं धाडस मला होत नाही. सई खरं उत्तर देईल, याचीच भीती वाटते.

निरांजन मंद झालं होतं. त्यात तूप घालत मी आशीर्वाद लहान केला. "बरं, उद्या सकाळी चहाला तरी ये."

"बघते," ती म्हणाली.

आता चांगलं उजाडलंय. ओट्यावर दोन कप मांडलेत, आणि जिन्यात पाऊल वाजतंय का, ते मी ऐकते आहे.