डालग्याखालचा कोंबडा

मी घर सोडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दारात जीप उभी, मागं बॅगा दोरीनं बांधलेल्या, आणि मी पाय उचलणार एवढ्यात आमचा तांबडा कोंबडा चुलीच्या शेडवर चढून असा काही आरवला की शेजारच्या मंदामावशीनं माझा दंडच धरला. "अवेळी आरवला गं. घटकाभर टेक, मग जा."

पप्पा भडकले. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळं असल्या गोष्टी त्यांना खपायच्या नाहीत. "त्याला कसली येळ आन् कसली अवेळ! दिसभर आरवतोय त्यो." तरी मी टेकले, पाणी प्याले. आईनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाली, "पोचलीस की कळव. न्हाई पोचलीस तरी कळव." आम्ही सगळे हसलो. जीप श्रीरामपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी हसतच होते, पुढचं सांगत नाही.

आता मी आयर्लंडमध्ये एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांच्या निवासात, नर्स आहे. आमच्याकडच्या किती पोरी या कामाला जगभर गेल्यात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्यातल्या कुणी हे दुबईत वाचत असेल, कुणी पुण्यात पीजीच्या कॉटवर. सगळ्यांना सांगते, कारण ही चूक फक्त आपण लांब गेलेलेच करू शकतो.

माझा ऑफ असला की मी सकाळी अकराला फोन लावायचे. तिकडं तेव्हा दुपारचे साडेतीन. आई ओट्यावर बसून बोलायची, आणि तिच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यावर तांबड्या आपलं मत द्यायचा. "पाऊस न्हाई यंदा," कुकूचकू! "तुझ्या मावसभावाचं जमलं," कुकूचकू! माझ्यासोबत राहणारी पोलंडची पोरगी किचनमधून विचारायची, "तुमच्याकडे आत्ता पहाट झाली का?" मला उगीचच लाज वाटायची. इथं मी आयर्न केलेला युनिफॉर्म घालून, डोळ्यांत डोळे घालून डॉक्टरांशी बोलणारी बाई, आणि माझ्या फोनमधून खुराडं ओरडतंय.

एका रविवारी, तीन लाँग डे, म्हणजे बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, ओळीनं करून आलेली मी चिडलेच. "पप्पा, त्या कोंबड्याचं काहीतरी करा हो! एक शब्द धड ऐकू येत नाही. आणि हा भरदुपारी का बोंबलतो?"

पप्पांना तर असा प्रश्न हवाच असतो. सांगायला लागले, पहाटेचं आरवणं अंगातल्या घड्याळाचं असतं, पण दिवसाचं वेगळं... मी मध्येच तोडलं. "बरं बरं, नंतर सांगा. बस सुटेल माझी." बस नव्हती. मला मॅगी करायची होती.

पुढच्या फोनला शांतता. त्याच्या पुढच्याही. आईचा आवाज कसा स्वच्छ यायचा! मला वाटलं, म्हातारा झाला असेल तांबड्या, किंवा गेला असेल रश्श्यात. विचारलंसुद्धा नाही. खरं काय होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. माझ्या फोनची वेळ झाली की पप्पा त्याला धरायचे, बांबूच्या उपड्या डालग्याखाली झाकायचे आणि वर पोतं टाकायचे. अंधार झाला की कोंबडा गप्प बसतो. पंधरा मिनिटं माझं बोलणं होईस्तोवर तो आत, आणि पप्पा डालग्यावर हात ठेवून बाहेर बसलेले. वयाच्या सत्तरीत. माझ्यासाठी.

मग मागच्या उन्हाळ्यात तीन-चार फोन फक्त आवाजाचे झाले. "नेट लई खराब हाय, चेहरा दिसायचा न्हाई," पप्पा म्हणाले. आई हळू बोलायची. "काय गं, झोपली होतीस का?" "व्हय, जरा डोळा लागला." "जेवलीस?" "जेवले की." मागं कसलाच आवाज नाही, आणि मी, माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे, मी म्हणाले, "आई, आज किती छान ऐकू येतंय!"

ती नगरच्या दवाखान्यात होती. पित्ताशयात पू झालेला, तातडीनं ऑपरेशन, दोन दिवस आयसीयू. कॉटवर पडून ती मला सांगत होती की मी घरी आहे आणि आज भाकरी केलीय.

हे मला मंदामावशीकडून कळलं. माझी ड्यूटी बदलली म्हणून मी एकदा तिकडं सकाळ असतानाच फोन लावला. पप्पा दूध घालायला डेअरीवर गेलेले, मोबाईल ओट्यावर, तो मावशीनं उचलला. मागं तांबड्या जोरात आरवला. मी म्हटलं, "अगंबाई, हा जिवंत आहे?" आणि मावशी आपली सहज बोलून गेली, "त्याला काय धाड भरलीय! तुझ्या फोनच्या टायमाला तुझा बाप त्याला डालग्याखाली झाकतो, म्हणून तुला ऐकू येत न्हाई. तुझी आई बी बरी हाय आता, टाके निघाले की कालच."

मी फोन हातात धरून किचनच्या फरशीवर बसले. परक्यांच्या आयांचा ताप मोजायला मला पगार मिळतो, आणि माझ्या आईचा आवाज बसलाय हे मला कळलं नाही. पहिल्यासारखा कोंबडा मोकळा असता तर? एका मिनिटात कळलं असतं. दुपारचे साडेतीन, आणि मागं तांबड्या नाही? म्हणजे ही घरी नाही. पण तो आवाज मीच बंद करायला लावला होता.

संध्याकाळी फोन करून मी पप्पांशी भांडले. खूप भांडले. आई म्हणाली, "तू यिऊन काय करणार हुतीस? सुट्टी वाया गेली असती." हे वाक्य मी अजून माफ केलेलं नाही. शेवटी मीच रडून दमले आणि म्हटलं, "सांगा आता. तेव्हा मी ऐकलं नाही. तो दिवसभर का आरवतो?"

"आगं, त्यो येळ सांगतच न्हाई," पप्पा म्हणाले. "पलीकडच्या वस्तीवरचा कोंबडा वरडला की हा उत्तर देतो. परकं पाऊल वाजलं, वर घार फिरली, गाडी आली, की वरडतो. मी हितं हाय, एवढंच म्हणायचं असतं त्याला. मग तिकडचा म्हणतो, मी बी हाय. दिसभर तेवढंच चालतं."

मी म्हटलं, डालगं काढा. पुन्हा कधी झाकायचं नाही.

तेव्हापासून आमचा नियम झालाय. फोन लागला की मी आधी तांबड्याची वाट बघते. नाही आरवला तर पप्पा मोबाईल घेऊन अंगणात जातात, आणि आई मागून ओरडते, "आरं, आरव की बाबा, पोरगी घाबरंल!" माझ्या वॉर्डातल्या एका म्हातारीला, शेतकऱ्याची बायको होती ती, मी तो आवाज ऐकवला. ती किती वेळ हसत होती. पहाट झाली का, असं तिनं विचारलं नाही.

पण एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. माझ्यामागं कोंबडा नाही. इथून मी काहीही सांगितलं तरी तिकडं कुणाला पकडता येत नाही. "मस्त आहे", "खूप मैत्रिणी आहेत", "थंडी? छे!" इतकी वर्षं मी झाकलेलीच होते की.

परवाच्या रविवारी तांबड्या आरवला. म्हातारा झालाय, शेवटी घसा चिरकतो. आईनं नेहमीचं विचारलं, "बरी हायेस ना?" तोंडात "हो" तयार होता. मी म्हटलं, "नाही गं. कंबर गेलीय पेशंट उचलून उचलून. आणि संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी बोलावं कळत नाही."

तिकडं आई ओट्यावर सरकून बसल्याचा, बांगड्यांचा आवाज आला.

"आता कशी बोललीस," ती म्हणाली. "सांग. मी हाय हितं."