हाताने आवळलेली जाळी

माझे सासरे चाळीस वर्षं प्लंबर होते, आणि आमच्याच स्वयंपाकघरातला नळ चार महिने फवारे मारत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भांडी घासायला उभं राहिलं की निम्मं पाणी भांड्यावर आणि निम्मं माझ्या पोटावर.

आधी नुसतीच धार बारीक झाली होती. नळाच्या तोंडाची जाळी क्षाराने चोंदली, ती बदलायची, एवढंच काम. माझा नवरा विम्याच्या कचेरीत फायली हलवतो. त्याने पक्कड घेऊन जाळी सोडवायचा पराक्रम केला. जाळी सुटली तर नाहीच, वर फवारे सुरू झाले.

दुसरा प्लंबर बोलवायचा विषय मी एकदाच काढला. सासरे ताटावरून उठून गेले. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं-बोलणं परत आलं, हाताची ताकद तेवढी आली नाही. शर्टाचं बटण लावायचं तरी घाम फुटतो. हत्यारांची पिशवी पूर्वी कायम दाराशी असायची, कुणी हाक मारली की उचलायची आणि निघायचं. ती पलंगाखाली गेली. अख्ख्या गल्लीच्या नळांची नाडी ओळखणारा माणूस खिडकीशी बसून येणारी-जाणारी वाहनं मोजू लागला. लोकांना त्यांची कीव यायची. मला राग यायचा.

एका रविवारी मी नवी जाळी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"बाबा, तुम्ही सांगा, मी करते. नाहीतर उद्या कुणाला तरी बोलवते."

धमकीच होती ती. त्यांनी डाव्या हाताने जाळी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "पिशवी काढ."

पिशवी आणली, तर पहिला हुकूम सिंकच्या भोकात फडकं कोंबायचा. "वायसर आत पडला तर बसशील शोधत." मग जाळीभोवती जुन्या रबरी हातमोज्याचा तुकडा गुंडाळायचा आणि वरून पक्कड धरायची. मी दात-ओठ खाऊन फिरवलं.

"आवळतेयस," ते शांतपणे म्हणाले.

"डावीकडेच तर फिरवतेय."

"वरून बघून डावीकडे. नळाचं तोंड खाली आहे ना? पाण्याच्या बाजूने बघ."

मी मान वाकडी करून सिंकमध्ये घातली आणि खालून वर पाहिलं. खरंच, सगळं उलटं. ते हसले. "तुझ्या नवऱ्यानेही हेच केलं. सोडवायला गेला आणि ठासून आवळून आला. पकडीचे दात उमटलेत बघ."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

त्यांना त्रास नको, त्रास नको म्हणत आम्ही त्यांना अडगळीत टाकलं होतं आणि वर त्याला माया म्हणत होतो. मला मनापासून लाज वाटली.

उलट्या बाजूने फिरवल्यावर जाळी करकरली आणि सुटली. आत पांढरा थर, चिमूटभर रेती आणि मधोमध चिरलेला रबरी वायसर. नवी जाळी मी दोन फेरे बसवली आणि परत पक्कड उचलली.

"ती ठेव खाली."

"गळेल ना."

"रबर चेपायला हाताची ताकद पुरते. जास्त आवळलं की ते फाटतं." ते उठून ओट्यापाशी आले. "सरक."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं एकदा घसरली, दोनदा घसरली. मदत करायचा मोह होऊ नये म्हणून मी हात मागे बांधून उभी राहिले. तिसऱ्यांदा बोटांनी जाळी धरली, आणि ती हळूहळू पाव फेरा फिरून थांबली.

"सोड पाणी."

सरळ, दुधासारखी पांढरी धार पडली. सासऱ्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडं.

"एवढीच ताकद लागते," ते म्हणाले. नळाकडे नाही, आपल्या हाताकडे बघत.

मी हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि पलंगापाशी वाकले.

"तिथे नको," मागून आवाज आला. "दाराशी ठेव."