एक ‘फेइ’, तेही वन-वे

आधी सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफा आमचा होता. ठेवले? हं. तर ऐका. जिचे आमच्यावर डोंगराएवढे उपकार आहेत, अशा पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला मी हाँगकाँगचं विमानाचं तिकीट जाहीर केलं. फक्त जायचं. परत यायचं नाही. आणि हे मी केलंय, याचा मलाच पत्ता नव्हता!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

आमचं फ्रीमाँटचं टाउनहाउस म्हणजे भिंतीला भिंत. आमच्या भिंतीपलीकडे मिसेस लाउ राहतात. मूळच्या हाँगकाँगच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा डॅनियल दोन तासांवर सॅक्रामेंटोला. आमच्या लेकीने, ईराने, पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘पोपो’ म्हणायला सुरुवात केली. पोपो म्हणजे त्यांच्या कॅन्टनीज भाषेत आजी. मग काय, आम्हा सगळ्यांच्याच त्या पोपो झाल्या.

तीन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी अमृताला, म्हणजे माझ्या बायकोला, चार महिने अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. आई कोल्हापूरहून येणार होती, तिचा व्हिसा नाकारला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. माझी नोकरी नवी, मॅनेजर त्याहून नवा. ईरा पहिलीत, शाळा सुटणार अडीचला. तिला आणायचं कोणी? मी गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि, खोटं कशाला सांगू, रडलो यार. चांगला मोठा बाप्या, हमसून हमसून!

पोपो कचऱ्याचा डबा ओढत चालल्या होत्या. त्यांनी पाहिलं. संध्याकाळी दार वाजलं. “स्कूल. आय गो. यू साइन पेपर.” बस, एवढंच.

चार महिने! रोज अडीचला त्या शाळेच्या फाटकाशी उभ्या. आणि रोज सहाला आमच्या दाराशी थर्मासमधून गरम सूप. अमृता शाकाहारी आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्यात मशरूम आणि लाल खजूर. कबीर सुखरूप जन्माला आला तेव्हा दवाखान्यातून मी पहिला फोन आईला केला आणि दुसरा पोपोंना.

आता अशा माणसाचे आभार मानायचे कसे? शाल दिली, ती दुसऱ्या दिवशी परत आली, वर संत्र्यांची पिशवी. पुरणपोळ्यांचा डबा दिला, तो डम्पलिंगने भरून परत. काहीही द्या, “नो, नो, यू टेक बॅक!” अमृता म्हणायची, “त्यांना अशी वस्तू द्यायला हवी, की परत करताच येणार नाही.”

अशी वस्तू कुठली? ते मला पोपोंच्याच अंगणात सुचलं. संध्याकाळी झाडांना पाणी घालताना वरून विमान गेलं, की त्या पाइप तसाच धरून दिसेनासं होईपर्यंत बघत राहायच्या. कुंडीतून पाणी वाहून चाललेलं. मग बोट पश्चिमेला करून म्हणायच्या, “माय सिस्टर.” त्यांची थोरली बहीण हाँगकाँगला. अकरा वर्षांत भेट नाही. का जात नाही विचारलं, की उत्तर ठरलेलं, “नेक्स्ट इयर.”

मी ठरवलं, पोपोंच्या वाढदिवसाला उडण्याचं चिनी अक्षर स्वतःच्या हाताने लिहून, फ्रेम करून द्यायचं. बघू या कसं परत करतात!

कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी सुलेखनाचा वर्ग चालायचा. शिकवणारे मोरिता सेन्सेई, म्हणजे गुरुजी, जपानी. इतके शांत, की माझं अक्षर बघूनही त्यांचा श्वास बदलायचा नाही. मी म्हणालो, “उडणं लिहायचंय.” त्यांनी कुंचला टेकवला आणि चार श्वासांत कागदावर उमटलं: 飛. पंख पसरून वर निघालेला पक्षीच जणू.

“जपानीत याचं तोबु,” ते म्हणाले. “उडणं. उडी मारणं. आणि मान उडाली म्हणजे नोकरी गेली.”

मी आयटीवाला. माझा हात आपोआप मानेवर गेला.

शेजारच्या टेबलावरच्या मिसेस पार्क कोरियन. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे याचा उच्चार बि. पण नुसतं बि म्हणालास, तर माणसं छत्री शोधतील. आमच्या बोलीत पावसालाही बि म्हणतात.” विमान मात्र तिन्हीकडे याच अक्षराने सुरू होतं म्हणे, बोलायच्या तऱ्हा तेवढ्या निराळ्या.

“आणि चिनी लोक?”

“फेइ,” सेन्सेई म्हणाले. “वरच्या सुरात, सपाट. आवाज खालून वर चढला तर अर्थ होतो लठ्ठ.”

झालं! पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला वाढदिवसाला लठ्ठ म्हणायचं? मी महिनाभर फ्रीवेवर गाडी चालवताना वरच्या सुरात ‘फेइ, फेइ’ करत ऑफिसला जायचो. शेजारच्या लेनमधली माणसं बघायची. बघू देत! पण हाँगकाँगची बोली वेगळी, तिथे या शब्दाला आणखी एखादा अर्थ असेल, हे कोणाला तरी विचारावं? छे! आपल्याला आता तीन भाषा येतात ना!

वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी पोपो टपालपेटीपाशी भेटल्या. मला कुठला धीर निघतोय!

“पोपो! नेक्स्ट संडे, आय हॅव फेइ फॉर यू!”

त्यांच्या हातातली पत्रं खाली पडली. “फेइ? फॉर मी?”

“फॉर यू!” सूर एकदम बरोबर लागला होता, मी स्वतःवरच खूश.

त्यांनी छातीवर हात ठेवला. डोळे भरून आले. मग हळूच विचारलं, “अँड रिटर्न?”

बघा, लागल्या की नाही परत करायच्या गोष्टी! मी प्रेमाने बोट नाचवलं. “नो रिटर्न, पोपो! धिस टाइम, ॲब्सोल्यूटली नो रिटर्न!”

पोपोंचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, भारावल्या.

मंगळवारी त्यांनी हाक मारली. गॅरेजच्या माळ्यावरची सूटकेस काढून हवी होती. मी काढली, वरची धूळही पुसली. घर आवरत असतील, आपल्याला काय! जाताना त्यांनी थांबवलं.

“निखिल, फेइ... विंडो?”

फ्रेम खिडकीजवळ लावायची का, असं विचारत होत्या. दुसरं काय असणार, सांगा? “नो विंडो, पोपो. टू मच सन.”

“ओह. मिडल?”

“यस, मिडल! एव्हरीबडी कॅन सी!”

त्यांनी सुस्कारा सोडला. एवढ्या लांबच्या प्रवासात मधली सीट म्हटल्यावर कोण सोडणार नाही? पण तेव्हा मला काय माहीत!

शुक्रवारी त्या कुंपणापाशीच उभ्या. “हाउ मेनी किलो?”

भिंतीवरच्या खिळ्याला झेपेल का, ही काळजी असणार. “डोंट वरी! ओन्ली टू किलो!”

“टू?”

“मॅक्सिमम!”

त्या आत गेल्या. दार उघडंच होतं. व्हिटॅमिनच्या बाटल्या, बदामाची पाकिटं, जिनसेंगचे डबे, एकेक करून सूटकेसमधून बाहेर निघताना मला स्वच्छ दिसत होतं. आणि मी, इंजिनिअर माणूस, बाहेर उभा राहून म्हणतोय, “वा! काय आवराआवर चाललीय!”

शनिवारी सकाळी डॅनियलचा फोन. आवाज अगदी सभ्य, पण फ्रीजमधून काढल्यासारखा.

“मॉम म्हणते, तुम्ही रिटर्न नको म्हणालात.”

“अजिबात नको! या वेळी मी ऐकणारच नाही.”

“ती पंच्याहत्तर वर्षांची आहे.”

“म्हणून तर!”

“आणि मिडल? दोन किलो?”

“मधोमधच शोभून दिसेल, डॅनियल.”

त्यावर तो म्हणाला, “उद्या समोरासमोरच बोलू.”

मी फोन ठेवून अमृताला म्हटलं, “फार भावुक झाला बिचारा.”

रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही चौघं फ्रेम घेऊन गेलो. पोपो लाल जाकीट घालून बसलेल्या. डॅनियल आणि त्याची बायको. टेबलावर टॅब्लेट, त्यात पोपोंची थोरली बहीण. तिकडे सोमवारची सकाळ होती. अकरा वर्षांनी बहीण येणार म्हणून मागे तीन-चार नातेवाईक दाटीवाटीने उभे. आणि दाराशी एक एवढीशी पिशवी. बरोबर दोन किलोची असावी.

“कुठे दौरा?” मी विचारलं. पोपो हसल्या. डॅनियल हसला नाही.

मी फ्रेम हातात दिली. पोपोंनी कागद काढला. टॅब्लेटमधल्या बहिणीने मोठ्याने वाचलं, “फेइ!”

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

पोपोंनी अक्षराकडे पाहिलं. मग फ्रेम उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. चारी कोपरे चाचपले. मग खाली पडलेला कागद उचलून झटकला. मग माझ्याकडे पाहिलं.

“ते कुठंय?” डॅनियलने विचारलं.

“काय?”

“तिकीट.”

“कसलं तिकीट?”

डॅनियलने डोळे मिटले. “निखिल, हाँगकाँगमध्ये बोलताना तिकिटाला फेइ म्हणतात. सिनेमाचं, बसचं, विमानाचं. इंग्रजी ‘फेअर’वरून आलेला शब्द आहे. आणि लिहितात याच अक्षराने.”

माझ्या डोक्यात सगळा आठवडा उलटा फिरला. रिटर्न. विंडो. मिडल. दोन किलो. अरे देवा! मी त्या माउलीला मधल्या सीटवर बसवून, दोन किलो सामानासह, कायमचं देशाबाहेर काढत होतो!

ईरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाबा, यू टोल्ड पोपो शी कान्ट कम बॅक?”

अमृता माझ्याकडे बघत होती. लग्नाला बारा वर्षं झालीत, ती नजर मला ओळखता येते.

मी हात जोडले. “पोपो, सॉरी. व्हेरी, व्हेरी सॉरी. मी आत्ताच्या आत्ता तिकीट काढतो. रिटर्न! विंडो!”

“नो,” पोपो म्हणाल्या. त्यांनी डॅनियलला काहीतरी विचारलं, त्याने कॅन्टनीजमध्ये सगळं समजावलं. पोपोंनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडवलं मी त्यांना. तर त्या हसत होत्या! हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. तिकडे टॅब्लेटमध्ये बहीण हसतेय, मागचे नातेवाईक हसतायत, ज्याला कळलं नव्हतं त्याला दुसरा समजावतोय, की तोही हसतोय. दोन खंडांत एकाच वेळी माझी शोभा चाललेली!

मग हसू ओसरलं, आणि ती बहीण डोळे पुसत एकच वाक्य बोलली. पोपोंनी टॅब्लेट जवळ ओढला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

डॅनियलने सांगितलं, “मावशी म्हणते, खोली झाडून ठेवलीय. गादीला ऊन दाखवलंय.”

डॅनियल फोन घेऊन अंगणात गेला. दहा मिनिटांनी आला तेव्हा डोळे लाल होते. “दोन काढली. तिचं आणि माझं. जायचं आणि यायचं. सहा वर्षं मी म्हणतोय, एवढं काम संपू दे, मग घेऊन जातो.”

पोपो उठून माझ्यापाशी आल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले. “यू नो सॉरी. मी, एव्हरी इयर, नेक्स्ट इयर. यू से फेइ, आय पॅक बॅग.” आणि मग म्हणाल्या, “थँक यू, निखिल.”

ऐकलंत? त्या मला थँक यू म्हणाल्या! चार महिने आमच्या लेकीला हाताला धरून आणणारी बाई! मी पुन्हा रडलो, हेही सांगून टाकतो. या वेळी गॅरेजमध्ये नव्हे, सगळ्यांच्या देखत.

महिन्याभराने मीच त्या दोघांना विमानतळावर सोडलं. पोपोंनी फ्रेम सोबत घेतली होती, बहिणीला द्यायला. आम्ही कुंड्यांना पाणी घातलं. तीन आठवड्यांनी पोपो परतल्या, गाल वर आलेले, बहिणीच्या हातचं खाऊन. दुसऱ्याच दिवशी डॅनियलसोबत एक पुडकं घेऊन आमच्या दाराशी. “सिस्टर गिव्ह.”

मी उघडलं. सुलेखनाची वही. पानापानावर मोठाले चौकोन, आत पुसट अक्षरं, वरून गिरवायची. मुखपृष्ठावर हसणारं पांडाचं पिल्लू. सोबत चांदण्यांचे स्टिकर आणि लॉलीपॉप.

“ईरासाठी?” मी विचारलं.

पोपो घुटमळल्या. मग बाजूला उभ्या असलेल्या डॅनियलकडे वळून भराभर काहीतरी बोलल्या. डॅनियलने आधी घसा खाकरला.

“मावशीने भिंतीवर फ्रेम लावली आणि मॉमला विचारलं, त्याच्या घरातलं हे लिहिणारं मूल केवढं आहे? मॉमला तुमची लाज राखायची होती. ती म्हणाली, पाच वर्षांचं. तेव्हा मावशी म्हणाली, मग वयाच्या मानाने बरं आहे!”

वही गिरवतोय. सध्या चौथं पान चालू आहे. चांदणी अजून एकही मिळालेली नाही.